की दाबली, सूर का नाही? स्टेजवरच्या मिडी बिघाडांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गणेशोत्सवाच्या किंवा जत्रेच्या कार्यक्रमात एक गाणं मराठी, पुढचं कन्नड, हे नेहमीचंच. गायक बदलतो, पट्टी बदलते, वाद्यांचा आवाजही बदलावा लागतो. पेटीवर हे सोपं होतं. ज्या कीवर बोट, तिचाच सूर बोलतो. कीबोर्ड, ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड) आणि लॅपटॉपमधली सॉफ्टवेअर वाद्यं आल्यावर बोट आणि सूर यांच्यामध्ये चार-पाच टप्पे आले. हे टप्पे वेगवेगळ्या काळात जोडले गेले आणि प्रत्येकाने आपला बिघाड सोबत आणला. तो टप्पा ओळखता आला, तर कार्यक्रम सुरू असतानाही दुरुस्ती होते.

पहिला टप्पा वायरचा. १९८१ मध्ये सिक्वेन्शियल सर्किट्स या अमेरिकन सिंथेसायझर कंपनीच्या डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर जोडणाऱ्या एका सामायिक जोडणीचा प्रस्ताव मांडला. तीच पुढे मिडी झाली. रोलँड या जपानी वाद्य कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी त्यासाठी जपानी कंपन्यांना सोबत घेतलं. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे सिंथेसायझर एकमेकांना जोडून वाजवून दाखवले गेले. पाच पिनांची वायर, सेकंदाला ३१,२५० बिट, १६ चॅनेल, म्हणजे एकाच वायरीतून वेगवेगळ्या वाद्यांचे निरोप वेगळे ठेवणारे नंबर. या वायरीतून आवाज जात नाही. ‘अमुक की दाबली, एवढ्या जोरात’ हा एक निरोप जातो आणि ‘सोडली’ हा दुसरा. एका निरोपाला साधारण एक मिलिसेकंद लागतो.

‘सोडली’चा निरोप वेगळा असल्यामुळेच सूर अडकतो. तो निरोप वाटेत हरवला किंवा भलत्याच सुरासाठी पोचला, तर सूर वाजतच राहतो. गायकाने ऐन वेळी काळी दोनऐवजी काळी चार मागितली आणि कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) धरलेली असतानाच ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी वर-खाली करणारं सेटिंग, बदलला, तर काही सॉफ्टवेअरमध्ये सोडल्याचा निरोप नव्या पट्टीच्या सुराला जातो आणि जुना सूर लोंबकळत राहतो. म्हणून आधी बोटं उचलायची, सूर लांबवणारं पॅडल सोडायचं, मग पट्टी बदलायची. तरीही अडकलाच, तर एका बटणावर तीन आज्ञा आधीच लावून ठेवाव्यात: कंट्रोल ६४ (पॅडल) ला किंमत ०, मग १२३ (सगळे सूर सोड), मग १२० (सगळा आवाज बंद). नुसता १२३ पुरत नाही, कारण पॅडल दाबलेलं आहे असं वाद्याला वाटत असेल तर तो सूर थांबवत नाही. १२० आवाज जागीच तोडतो.

१९९१ मध्ये जनरल मिडी, म्हणजे कोणत्या नंबरला कोणता आवाज हे ठरवणारं मानक, आलं आणि ड्रमसाठी १० नंबरचा चॅनेल ठरला. आजही ऑक्टापॅड बहुधा याच चॅनेलवर निरोप पाठवतो. लॅपटॉपमधल्या स्ट्रिंग्जचं (व्हायोलिनसारख्या आवाजांचं) इनपुट ‘सगळे पोर्ट, सगळे चॅनेल’ असं ठेवलं (पोर्ट म्हणजे लॅपटॉपमध्ये निरोप आत येण्याचं दार), तर ऑक्टापॅडवरच्या किक ड्रमचा ३६ नंबर आणि स्नेअर ड्रमचा ३८ नंबर स्ट्रिंग्जमध्ये खर्जातले सूर बनून घुमतात. साउंड इंजिनिअर बिचारा स्पीकर तपासत बसतो. प्रत्येक वाद्याला पोर्टही एकच द्यावा आणि चॅनेलही एकच.

कीबोर्ड स्वतः वाजतोय आणि लॅपटॉपही त्याच्याकडे तेच सूर परत पाठवतोय, असं झालं की आवाज जाड, पोकळ येतो आणि लांब कॉर्डमधले सूर मध्येच तुटतात. अशा वेळी कीबोर्डचा लोकल कंट्रोल (कंट्रोल १२२), म्हणजे त्याच्या की थेट त्याच्याच आवाजाशी जोडणारं सेटिंग, बंद करावा. पुढच्या कार्यक्रमात लॅपटॉपशिवाय कीबोर्ड मुका वाटला, तर आधी तेच सेटिंग पाहावं.

खरी गुंतागुंत १९९९ नंतरची. त्या वर्षी स्टाइनबर्ग कंपनीच्या व्हीएसटी २ या सॉफ्टवेअर वाद्यं जोडण्याच्या पद्धतीमुळे सॉफ्टवेअर वाद्यांना थेट मिडी घेता येऊ लागलं आणि यूएसबीवरून मिडी पाठवण्याचं प्रमाण मानकही त्याच वर्षी ठरलं. पाच पिनी वायर एकाच ठिकाणी जायची. आता पोर्ट कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न आला. विंडोजच्या जुन्या मिडी व्यवस्थेत बऱ्याच ड्रायव्हरांचा (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. मागे दुसरा प्रोग्रॅम उघडा राहिला, तर लॅपटॉपमध्ये कीबोर्डचं नाव दिसतं पण सूर येत नाही. शिवाय केबल रोजच्याऐवजी दुसऱ्या यूएसबी खाचेत घातली, तर विंडोज तोच कीबोर्ड नवं उपकरण समजू शकतो आणि जपून ठेवलेली रूटिंग, म्हणजे कोणता निरोप कोणत्या वाद्याकडे जायचा ही मांडणी, रिकामी पडते. खाचांना रंगीत टेप लावावी. आधी कीबोर्ड चालू करावा, मग लूपमिडीसारखा आभासी पोर्ट (एका प्रोग्रॅमचे निरोप दुसऱ्याला देणारं सॉफ्टवेअर), शेवटी वाद्यांचं सॉफ्टवेअर. पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी झोपवण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर लांबलेल्या सत्कारानंतर पहिलंच गाणं मुकं निघण्याची भीती.

सूर येतो पण उशिरा, तर दोष सहसा मिडीचा नसतो, बफरचा असतो, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप त्याचे जेवढे तुकडे (सॅम्पल) साठवतो त्याचा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१. ऑक्टापॅड वाजवणाऱ्याला हा दुसरा आकडा लगेच खटकतो.

यूएसबीने आणखी एक गोष्ट घालवली. १९८३ च्या रचनेत घेणाऱ्या वाद्यात ऑप्टो-आयसोलेटर असतो. निरोप प्रकाशाने पलीकडे जातो, दोन वाद्यांची वीज एकमेकांना भिडत नाही. यूएसबीत ती भिडते. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर आणि कीबोर्ड-मिक्सर दुसऱ्यावर असला की स्पीकरमधून सतत हम, म्हणजे घुमणारा गुणगुणाट, येतो. चार्जर मिनिटभर काढून पाहावा. हम थांबला तर कारण सापडलं. मग लॅपटॉप आणि मिक्सरमध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (आवाज जाऊ देणारी पण विजेची जोडणी तोडणारी पेटी) लावावा, किंवा कीबोर्ड पुन्हा पाच पिनी वायरीने मिडी इंटरफेसला जोडावा, म्हणजे निदान ती वाट तरी तुटते. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. हम जाईल, पण मंडपातल्या पावसाळी ओलीत माईक धरलेल्या गायकाला शॉक बसू शकतो.