आयनोड

आयनोड : युनिक्स-लिनक्स घराण्यातील संगणक प्रणालींच्या फाइल सिस्टीममध्ये (डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याच्या व्यवस्थेत) प्रत्येक फाइलची माहिती डिस्कवर ज्या ठरावीक मापाच्या नोंदीत असते, ती नोंद. फाइलचा प्रकार, मालक, वाचण्या-लिहिण्याच्या परवानग्या, आकार, बदलाच्या वेळा आणि मजकूर कोणत्या ब्लॉकांत (डिस्कच्या ठरावीक मापाच्या तुकड्यांत) आहे त्यांचे पत्ते, हे सगळे तिच्यात सापडते. फाइलचे नाव मात्र सापडत नाही. खरी मेख इथेच आहे.

उपनगरात घर घेतलेल्या मुंबईकराला हे मिळकत पत्रिकेवरून चटकन कळेल. इमारतीवर पाटी कुठलीही असो, नगर भूमापन कार्यालय जमीन ओळखते ती सीटीएस नंबराने. आयनोडलाही असाच क्रमांक असतो. नाव राहते डिरेक्टरीत. डिरेक्टरी म्हणजे नाव आणि क्रमांक यांच्या जोड्यांची यादी. म्हणून त्याच फाइल सिस्टीमवर नाव बदलले तरी मजकूर जागचा हलत नाही. व्हीटीचे १९९६ मध्ये सीएसटी झाले, २०१७ मध्ये सीएसएमटी, इमारत तीच. एका आयनोडला अनेक नावेही देता येतात, त्यांना हार्ड लिंक म्हणतात. नावे किती, तो आकडा आयनोडमध्येच असतो. फाइल पुसली की आकडा एकाने उतरतो. तो शून्य झाला आणि कोणत्याही प्रोग्रामने फाइल उघडी धरलेली नसली, तरच ब्लॉक मोकळे होतात.

ही रचना बेल लॅब्जमधल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्समधून आली. 'आय' म्हणजे 'इंडेक्स' असावे, असे रिची सांगत. त्यांनाही ते नक्की आठवत नव्हते.

लिनक्सच्या एक्स्ट२ या फाइल सिस्टीममध्ये (१९९३) आयनोड १२८ बाइटचा होता आणि त्यात १५ पत्ते मावत. पहिले १२ थेट मजकुराच्या ब्लॉकांचे. उरलेले तीन पत्त्यांनीच भरलेल्या ब्लॉकांकडे नेणारे, एका, दोन आणि तीन पायऱ्यांनी. तिच्याच पुढच्या आवृत्तीत, एक्स्ट४ मध्ये, आयनोड सहसा २५६ बाइटचा असतो आणि 'इथून सलग इतके ब्लॉक' एवढेच लिहून भागते.

वेळ १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांत मोजतात. वेळेच्या रकान्यात शून्य पडलेली फाइल म्हणूनच मुंबईतल्या संगणकावर १९७० सालच्या पहिल्या दिवशीची, पहाटे साडेपाचची दिसते. जुन्या ३२ बिटांच्या रकान्याची मुदत १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८:४४:०७ ला संपते.

मराठी नावांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. एक्स्ट४ वर नावाला २५५ बाइट मिळतात. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना-मात्रा आणि अनुस्वारही स्वतंत्र मोजले जातात. 'मुंबई' हे नाव १५ बाइटचे. म्हणजे कमाल ८५ चिन्हे. तेवढी पुष्कळ झाली. फाइलला मराठी नाव द्यायला कचरण्याचे कारण नाही.

एक्स्ट४ मध्ये आयनोडांची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते, सहसा दर १६ केबीमागे एक. १६ जीबीच्या विभागात १०,४८,५७६ आयनोड होतात आणि त्यांचा तक्ताच २५६ एमबी खातो. तिथे चार-चार केबीच्या फाइल साठत गेल्या, तर जेमतेम ४ जीबी भरल्यावर आयनोड संपतात. डिस्क बरीचशी रिकामी, तरी संगणक 'जागा नाही' म्हणतो आणि माणूस चक्रावून मोठ्या फाइल पुसत बसतो. अशा वेळी 'डीएफ -आय' (df -i) ही किती आयनोड उरले ते दाखवणारी आज्ञा आधी द्यावी. आयनोड संपले असतील, तर पुसायच्या त्या बारक्या फाइल.