क्लस्टरवर शेअर्ड स्टोरेज पाहिजे? अर्जातला यूआयडीचा रकाना नीट भरा

नवी मुंबईतल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोजेक्टचा सीझन आला की सगळे हेच विचारतात, क्लस्टरच्या (एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरच्या गटाच्या) प्रत्येक नोडवर, म्हणजे त्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर, एकच फोल्डर दिसायला पाहिजे, अर्ज कसा करायचा, म्हणून लिहितोय.

क्लस्टरवर लॉगिन आणि प्रोजेक्टला गाइड, एवढं असलं की कोणीही अर्ज करू शकतं, ग्रुप असेल तर सगळ्यांचा मिळून एकच. आयकार्डची झेरॉक्स, गाइडच्या सहीचं पत्र, नोडचे आयपी ऍड्रेस आणि प्रत्येक नोडवरचं आयडी कमांडचं आउटपुट (त्यात तुमचा यूआयडी, म्हणजे तुमच्या लॉगिनचा नंबर, दिसतो) जोडा. नुसतं ‘५०० जीबी द्या’ लिहू नका, डेटा कसला आणि किती महिने लागणार ते पण सांगा. ठाण्याहून येणाऱ्यांनी लॅब बंद व्हायच्या आत पोचा, नाहीतर नुसत्या शिक्क्यासाठी परत फेरी पडते.

आता आयडीचं आउटपुट कशाला, तर हे शेअर्ड फोल्डर एनएफएसवर चालतं, आणि एनएफएस, म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेली, नेटवर्कवरून फाइल शेअर करायची पद्धत, नेहमीच्या सेटिंगमध्ये माणसाला नावाने नाही, नंबराने ओळखते. समजा पहिल्या नोडवर तुमचा यूआयडी १००१ आहे आणि तिसऱ्या नोडवर १००१ दुसऱ्याच मुलाचा आहे, तर तिथे तुमच्या फाइल त्याच्या नावावर दिसणार, तो त्या उडवू पण शकणार आणि तुम्हालाच पर्मिशन डिनाइड येणार, लॉगिनचं नाव सगळीकडे सेम असलं तरी. म्हणून नंबर जुळत नसतील तर आधी ते जुळवून घ्या, मगच अर्ज द्या. आणि नो रूट स्क्वॉश (नोडवरच्या रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या ऍडमिन लॉगिनला, शेअर्ड फोल्डरमध्येही तेच अधिकार देणारं सेटिंग) मागू नका प्लीज, रूटला नोबडी, म्हणजे खास अधिकार नसलेला युजर, करून टाकणं हे सगळ्यांच्याच डेटाच्या सेफ्टीसाठी असतं.

मंजुरी मिळाली की ऍडमिन सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये (कोणत्या नोडला फोल्डर द्यायचं त्या यादीत) तुमचे आयपी टाकतात, फायरवॉलमध्ये २०४९ पोर्ट उघडतात (एनएफएसच्या व्हर्जन ४ ला तेवढा पुरतो) आणि नोडवर ते फोल्डर माउंट करून, म्हणजे जोडून, देतात. मग एका नोडवर फाइल बनवा, दुसऱ्या नोडवर एलएस डॅश एलएन (फाइलच्या मालकाचा यूआयडी दाखवणारी कमांड) मारून नंबर तोच येतो का बघा. फाइल लगेच दिसली नाही तर मिनिटभर थांबा, क्लायंट, म्हणजे तुमचा नोड, आधीची माहिती थोडा वेळ कॅशमध्ये धरून ठेवतो.

या जागेचा बॅकअप होत नाही, चुकून डिलीट केलं की सगळ्या नोडवरून गेलं, त्यामुळे रिझल्टची कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवा. मुदत वाढवायची असेल तर संपायच्या आधीच जुन्या अर्जाचा नंबर टाकून नवा अर्ज द्यायचा, गाइडची सही परत लागते.