बालसंरक्षण प्रशिक्षण (ग्रामीण विदर्भ)

शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा, आश्रमशाळा व वसतिगृहांचे अधीक्षक-अधीक्षिका अशा मुलांमध्ये रोज वावरणाऱ्यांना मुलांवरील अत्याचार, मारहाण, हेळसांड व बालविवाहाचा धोका ओळखता यावा आणि पुढे काय करायचे ते कळावे, यासाठीचे प्रशिक्षण. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी व त्यांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यावे, असे पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याखालचे नियम, २०२० सांगतात.

प्रशिक्षणाचा गाभा पॉक्सो कायद्याचे (२०१२) कलम १९ हा आहे. मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचे कळले, किंवा घडेल अशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते; सद्‌भावनेने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. ‘आधी खात्री करू, मग बघू’ हा विचार इथे घातक ठरतो. शहानिशा पोलिसांनी करायची असते. शिक्षकाने मूल सांगेल तेवढे शांतपणे ऐकावे, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे, खोदून खोदून विचारू नये आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये.

या कर्तव्याचा महत्त्वाचा निवाडा विदर्भातूनच गेलेल्या प्रकरणात झाला. राजुरा (जि. चंद्रपूर) येथील वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असून बहुधा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी म्हटले. तिथे प्रश्न मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरच्या जबाबदारीचा होता.

कलमे पाठ होतात. कठीण असते ते गावात राहून कळवणे. आरोपी, सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक एकमेकांच्या ओळखीचे, कधी सोयरेही असतात. ‘गावातली गोष्ट गावातच मिटवा’, ‘पोरीचं लग्न उरकून टाका’ असा दबाव येतो. त्याला तोंड कसे द्यायचे याचा सराव ज्या प्रशिक्षणात नाही, ते अपुरेच म्हणावे लागेल.

दुसरा प्रश्न भाषेचा. मेळघाटातले मूल कोरकूत, भामरागडकडचे माडियात बोलते. बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकाला ते समजेलच असे नाही. मुलाला न कळणाऱ्या भाषेत जबाब नोंदवला जात असल्यास दुभाषा देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण पहिली वाच्यता बरेचदा गावच्याच सेविकेपाशी होते, म्हणून तिचे प्रशिक्षण शिक्षकांइतकेच कसून व्हायला हवे.

बालविवाहाबाबत ग्रामीण भागात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हा प्रतिबंध अधिकारी असतो. दिवाळीनंतर कुटुंबे कामासाठी स्थलांतर करतात, तेव्हा हजेरीपत्रकातून गळालेल्या मुलीची चौकशी त्याच आठवड्यात व्हावी. तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक विनामूल्य आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष व बाल कल्याण समिती पुढील काळजी व पुनर्वसन पाहतात.