घरगुती वेधशाळा

घराच्या परसात, गच्चीवर किंवा शेतातल्या घराशेजारी दुर्बीण कायमची बसवून ठेवायला जी छोटी खोली किंवा शेड बांधतात ती घरगुती वेधशाळा. वर गोल घुमट पाहिजेच असं काही नाही, बहुतेक हौशी लोकांच्या वेधशाळा बाहेरून बघितल्या तर पंपाची खोली वाटतात. दुर्बीण जागची हलवायची नाही एवढाच सगळ्याचा हेतू. आठ इंची दुर्बीण असलेल्या कुणालाही विचारा, ट्रायपॉड बाहेर काढा, माउंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारा भाग, चढवा, काउंटरवेट लावा, ट्यूब बसवा, ध्रुवतारा पकडा, केबली जोडा, ह्यातच पाऊण-एक तास जातो आणि तेवढ्यात ढग येतात, शिवाय दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं, मग हळूहळू दुर्बीण कपाटात जाते ती जातेच. वेधशाळा असेल तर छप्पर सरकवायचं, स्विच मारायचा आणि बघायला लागायचं. पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर करणं, एकदा नीट केलं की महिनोनमहिने पुरतं.

ह्या विषयावरची बहुतेक माहिती इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेली आहे आणि तिथले बांधकामाचे नकाशे जसेच्या तसे उचलले की महाराष्ट्रात गडबड होते. तिकडे ध्रुवतारा डोक्यावर आणि भीती बर्फाची, इकडे ध्रुवतारा खाली आणि भीती पावसाळ्याची.

जागा

पहिली गोष्ट आकाश. जॉन बॉर्टल यांनी 2001 साली काळोख मोजायची 1 ते 9 अशी एक श्रेणी मांडली, 1 म्हणजे गडद आणि 9 म्हणजे शहराचा मध्य. मुंबई-पुण्याच्या मधल्या वस्तीत 8-9 च मिळतं. म्हणून तिथे वेधशाळा बांधूच नये असं नाही, चंद्र, ग्रह, जोडतारे, तेजस्वी रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं ते, हे सगळं शहरातूनही होतं, दीर्घिका आणि तेजोमेघांचं मात्र अवघड. गावाबाहेर गेलात तरी एक नवीन त्रास आहे तो म्हणजे लॉन्स. मंगल कार्यालयांचा सीझन आणि निरभ्र आकाशाचा सीझन नेमका एकच, नोव्हेंबर ते मे, आणि डीजेवाल्याच्या शार्पी लाइटचे झोत आकाशात फिरायला लागले की फोटोग्राफी बंद. लोडशेडिंगला सगळा गाव शिव्या देतो, खगोलवाले तेवढे गप्प असतात.

दुसरी गोष्ट क्षितिज, आणि इथे अक्षांश येतो. ध्रुवताऱ्याची उंची साधारण त्या गावाच्या अक्षांशाएवढी असते, म्हणजे कोल्हापूरला 16.7 अंश, पुण्यात 18.5, नागपूरला 21. आता समजा 10 बाय 10 फुटांची खोली आहे आणि दुर्बीण बरोबर मधे, म्हणजे भिंत 5 फुटांवर. पुण्यात उत्तरेची भिंत दुर्बिणीच्या अक्षापेक्षा साधारण पावणेदोन फूट वर गेली की ध्रुवतारा गेला. लंडनमध्ये तीच भिंत सहा फूट वर असली तरी चालते. म्हणून तिकडच्या नकाशांत सरकतं छप्पर बिनधास्त उत्तरेकडे नेलेलं असतं, आपल्याकडे तसं केलं तर उघडलेल्या छपराचा त्रिकोण नेमका ध्रुवाच्या समोर येऊन बसतो आणि अलाइनमेंट करायलाच मिळत नाही. छप्पर पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकवावं, ज्या बाजूला शहराचा उजेड आहे त्या बाजूला, म्हणजे तो थोडा अडतोही.

दक्षिणेचं तर विचारूच नका, तीच आपली श्रीमंती आहे. पुण्यातून अगस्ती जास्तीत जास्त 19 अंश वर येतो, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ 24 अंश आणि त्रिशंकू जेमतेम 11-12 अंश. लंडनवाल्याला ह्यातलं काहीच कधी दिसत नाही. तेव्हा दक्षिणेची भिंत पूर्ण उंचीची बांधणं म्हणजे निव्वळ नुकसान. तिचा वरचा दीड-दोन फुटांचा भाग बिजागरीवर खाली पडेल असा करून घेतात.

खांब

पैसे वाचवायचे असतील तर कुठेही वाचवा, खांबात वाचवू नका. हिशोब असा आहे की 1 मीटर उंच खांब इतकासा कलला की त्याचं डोकं 5 मायक्रॉन सरकलं, तर दुर्बीण आकाशात 1 आर्कसेकंदाने, म्हणजे अंशाच्या 3600व्या भागाने, हलते. माणसाचा केस 60-70 मायक्रॉनचा असतो. 200 पट मोठं करून शनी बघत असताना शेजारी कुणी पाय बदलला की शनी थरथरतो तो ह्यामुळे.

म्हणून खांब आणि जमीन वेगळी ठेवायची. खांबाचा पाया वेगळा खणायचा, त्याच्याभोवती फरशीत बोट-दोन बोटं फट सोडायची, फटीत रबर किंवा थर्मोकोल भरला तरी चालेल पण सिमेंट नको, गवंडी हमखास ती फट बुजवून टाकतो कारण त्याला ते राहून गेलेलं काम वाटतं, त्यामुळे ओतकामाच्या दिवशी स्वतः उभं राहावं. मराठवाडा-विदर्भात, सोलापूरकडे काळी माती असेल तर अजून एक भानगड, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाला बरोबर घेऊन हलते. मुरूम लागेपर्यंत खणायचं, मग खाली रुंद फुटिंग, सळईचा पिंजरा आणि वर फूटभर जाडीचा काँक्रीटचा गोल खांब, साचा म्हणून जाड पीव्हीसी पाइप किंवा पत्र्याचा ड्रम चालतो. डोक्यावर फाउंडेशन बोल्ट ओल्या काँक्रीटमध्येच बसवायचे, त्यावर 10-12 मिलिमीटरची लोखंडी प्लेट आणि तिच्यावर माउंट. बोल्ट लाकडी टेम्प्लेटमध्ये अडकवून बसवले नाहीत तर ते वाकडे येतात आणि मग प्लेटची भोकं जुळत नाहीत. इलेक्ट्रिकच्या आणि डेटाच्या केबलींसाठी दोन वेगळे पाइप काँक्रीट ओतायच्या आधी टाकून घ्यायचे. नंतर पाणी मारत राहायचं, 28 दिवसांत काँक्रीट पुरी ताकद धरतं, त्याआधी दुर्बीण चढवायची घाई कशाला.

काँक्रीट नको असेल तर 6-8 इंची लोखंडी पाइप खाली प्लेट वेल्ड करून उभा करतात आणि आत कोरडी वाळू भरतात, म्हणजे टिचकी मारली की तो घणघणत नाही.

गच्चीवर खांब घ्यायचा तर स्लॅबच्या मध्यावर कधीच नको, खाली जिथे कॉलम आणि बीम आहे तिथे वर घ्यायचा. मधला स्लॅब ढोलाच्या कातड्यासारखा हलतो. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर, फोडून बोल्ट मारले की पहिल्या पावसात खालच्या फ्लॅटमध्ये ओल उतरते आणि पुढची सगळी खगोलशास्त्रीय कारकीर्द सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाते, तेव्हा वॉटरप्रूफिंगवाल्याला विचारूनच काय ते करा. लिफ्टची मशीन रूम जवळ असेल तर लिफ्ट निघाली की तारा उडी मारतो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, त्या गरम हवेतून ग्रह उकळल्यासारखे दिसतात, त्यामुळे गच्चीवरची चांगली निरीक्षणं पहाटेची. परवानगीचंही बघावं लागतं, सोसायटीची गच्ची सगळ्यांची असते आणि पक्कं बांधकाम म्हटलं की महापालिका आली, म्हणून बरेच लोक खोली न करता नुसता खांब उभा करतात आणि माउंटवर चाकाचा पत्र्याचा डबा सरकवतात. तो प्रकारही वेधशाळाच, आणि फ्लॅटवाल्यांसाठी तोच खरा शहाणपणाचा.

छप्पर

घुमट दिसायला भारी. वारा अडतो, शेजारचा दिवा अडतो, दव कमी पडतं. पण फट फिरवत बसावी लागते, मोटर आणि सेन्सर लावले तर तो एक वेगळा प्रोजेक्ट होतो, आणि गोल आकार गळू न देता बनवणारा फॅब्रिकेटर सहज सापडत नाही. सरकतं छप्पर मात्र कुठल्याही तालुक्याच्या गावी होतं, कारण ती सगळी स्लायडिंग गेटची टेक्नॉलॉजी आहे. भिंतीवर उलटा अँगल, त्यावर खाच असलेली गेटची चाकं, चाकांवर चौकोनी पाइपची फ्रेम, वर पत्रा. रूळ खोलीच्या दुप्पट लांब लागतात, 10 फूट खोलीवर आणि 10 फूट बाहेर दोन खांबांवर. वेल्डरला हे समजावताना दुर्बिणीचं नाव काढू नये, आडवं गेट छपरावर टाकायचंय म्हणावं, लगेच कळतं.

दोन गोष्टी मात्र त्याला सुचत नाहीत. एक, छप्पर वाऱ्याने वर उचललं जातं, त्यामुळे खालून पकडणारे हूक आणि बंद असताना आवळायला चारही कोपऱ्यांत टर्नबकल पाहिजेत. दोन, मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी आणि गारपीट आली की लाइट आधी जाते, म्हणून मोटर लावा पण एका माणसाला हाताने ढकलता आलं पाहिजे. मोटर असेल तर दुर्बीण आडवी झाल्याशिवाय छप्पर चालू होणार नाही असा लिमिट स्विचही हवा, नाहीतर छप्पर येऊन ट्यूबवर आदळतं. नुसत्या पत्र्याखाली उन्हाळ्यात फार तापतं, दोन पत्र्यांमध्ये फोम असलेलं पफ पॅनल बरं, किमान पांढरा रंग आणि भिंतीला वरखाली जाळीच्या खिडक्या.

पावसाळा आणि बाकी शत्रू

जून ते सप्टेंबर बंद. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका ह्या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची 2 मीटरची दुर्बीण आहे, तिलासुद्धा पावसाळ्यात सुट्टी असते, आपण कोण लागून गेलो. ह्या काळात लेन्स, आयपीस आणि कॅमेरे घरात आणून सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवायचे, नाहीतर काचेवर बुरशीची जाळी धरते आणि ती कोटिंग खाते, मग पुसूनही जात नाही. कोकणात आणि गोव्यात तर हे बाराही महिने. आत राहिलेल्या माउंटवर ताडपत्री घट्ट बांधू नये, आतली दमट हवा आतच राहते आणि गंज चढतो. हवा खेळती ठेवावी आणि छोटा डीह्युमिडिफायर लावावा. घाटमाथ्यावर आणि देशावर हिवाळ्यात दव पडतं तेव्हा पुढच्या काचेभोवती गरम पट्टा आणि लांब टोपी लागते.

मग गांधीलमाश्या, उंदीर, मुंग्या. पाल कंट्रोल बॉक्समध्ये ऊब शोधत जाते आणि सर्किटवर मरते. उघड्या पाइपांची तोंडं स्टीलच्या जाळीने बंद करणं हा पाच मिनिटांचा उपाय आहे. वीज चमकायला लागली की प्लग काढायचे, नुसता स्विच बंद करून भागत नाही, आणि अर्थिंग चांगलं करून घ्यायचं.

आधीचे लोक

विल्यम हर्शेलने 13 मार्च 1781 ला युरेनस शोधला तो इंग्लंडमधल्या बाथ गावच्या आपल्या घराच्या मागच्या बागेतून, स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीने. भारतात विशाखापट्टणमला जी. व्ही. जुग्गाराव यांनी 1840 मध्ये आपल्या राहत्या जागी खासगी वेधशाळा काढली, पुढे जावई ए. व्ही. नरसिंगराव यांनी ती चालवली आणि 1874 चं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यासमोरून सरकताना, तिथून बघितलं. बंगालमधल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र कलेक्टर कचेरीच्या खजिन्यात नोकरी करून रात्री रूपविकारी तारे बघायचे, अमेरिकेतल्या एएव्हीएसओ ह्या रूपविकारी तारे बघणाऱ्यांच्या संघटनेने त्यांना 1926 मध्ये 6 इंची दुर्बीण पाठवली, त्यांची निरीक्षणं 37 हजारांच्या वर भरतात. इंग्लंडमध्ये टीव्हीवर खगोलाचे कार्यक्रम करणारे पॅट्रिक मूर यांच्या सेल्सी गावच्या बागेत साडेबारा इंची दुर्बिणीची शेडच दोन तुकड्यांत बाजूला सरकायची, त्या पद्धतीत छप्पर उचलायची भानगडच नाही, आपल्याकडे ती कुणी फारशी करत नाही ह्याचं आश्चर्य वाटतं.

अलीकडचं उदाहरण अर्जेंटिनाचं. रोसारिओ शहरातले व्हिक्टर बुसो, कुलपं-किल्ल्यांचा धंदा करणारे, घराच्या गच्चीवर वेधशाळा. 20 सप्टेंबर 2016 च्या रात्री नवीन कॅमेरा तपासत एका दीर्घिकेचे फोटो काढत बसले होते आणि त्यातच एक तारा फुटताना पहिल्या क्षणांचा उजेड पकडला गेला, त्या सुपरनोव्हाचं नाव एसएन 2016जीकेजी. पुढे त्यावरचा शोधनिबंध नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. भर शहरातली गच्ची होती ती.

काय काम होतं

बांधायच्या आधी दुसऱ्यांचं बघून घेणं बरं. पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ, त्यांच्या वांगणीच्या रात्रींना गेलात तरी वेगवेगळ्या माउंटवर हात फिरवायला मिळतो. आणि जागा ठरवली की हिवाळा-उन्हाळा तिथे साधा ट्रायपॉड लावून बघावं, झाड कुठे आडवं येतं आणि शेजारचा हॅलोजन कधी विझतो हे कागदावर कळत नाही.

फोटो काढायला तर सगळेच काढतात. कायमची जागा असल्याचा खरा फायदा मोजमापाच्या कामात होतो. रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता, परग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याच्या प्रकाशात होणारी टक्का-दीड टक्क्याची घट, लघुग्रहाने तारा झाकल्याची नेमकी वेळ, ह्या सगळ्याला तीच दुर्बीण, तोच कॅमेरा, तीच जागा वर्षानुवर्षं लागते. शेवटच्या कामात सावलीचा पट्टा बऱ्याचदा काही किलोमीटर ते काही दहा किलोमीटर रुंदीचाच असतो, तो कुणाच्या घरावरून जाईल सांगता येत नाही, त्यामुळे वेधशाळेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची जीपीएसवर एकदा नीट मोजून दरवाजाच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवतात.