सायकल दुरुस्ती, घरगुती (बेळगाव सीमाभाग)

सायकलचे नेहमीचे बिघाड दुकानाची वाट न धरता घरीच, मोजक्या हत्यारांनी दूर करण्याची रीत. बेळगाव जिल्ह्याच्या (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी व अथणी या भागांतील मराठी घरांत पाना, पक्कड, कानस, सोल्युशनची नळी आणि जुन्या ट्यूबचे तुकडे एका डब्यात जपून ठेवलेले असत. कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्याची योजना सुरू केली, तेव्हा या डब्याची गरज नव्या पिढीलाही पडली.

बेळगावातील सायकलीचा इतिहास किर्लोस्कर बंधूंच्या दुकानापासून सांगितला जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचा जन्म याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. दुकानाचे, पर्यायाने किर्लोस्कर उद्योगाचे, स्थापनावर्ष परंपरेने १८८८ मानतात. मात्र पुढे सुमारे दशकभर लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. मुंबईहून सायकली धाडायच्या आणि बेळगावात थोरले बंधू रामचंद्रपंत (रामूअण्णा) यांनी त्या विकायच्या, अशी व्यवस्था सांगितली जाते. त्यामुळे १८८८ हा आरंभबिंदू मानून दुकानाचा खरा जम १८९० नंतरच्या दशकात बसला, असे समजणे अधिक सयुक्तिक वाटते. दुरुस्तीच्या इतिहासाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. डनलॉप यांचे हवेच्या टायरचे पेटंट १८८८ चेच असल्याने त्या वर्षी येथे आलेली सायकल भरीव रबराची असणार, म्हणजे पंक्चर हा बिघाडच तिला ठाऊक नसणार. (टॉमसन यांनी हवेच्या टायरचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते, पण ते व्यवहारात रुजले नाही.) किर्लोस्करांचा कारखाना पुढे नांगर व कडबा कापण्याच्या यंत्रांकडे वळला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीस गेला. बेळगावात किर्लोस्कर रोड हे नाव राहिले.

बिघाडांचे स्वरूप माती व पावसानुसार बदलते. पश्चिमेस सह्याद्रीलगतच्या खानापूर भागात पाऊस मुबलक आणि माती जांभ्याची, तांबडी. तेथे गंज, चेनचा करकराट आणि मधल्या एक्सलमध्ये (दोन्ही पेडलांमधल्या आडव्या दांड्याच्या सांध्यात) शिरलेले पाणी या मुख्य तक्रारी. पूर्वेस अथणी, रायबागकडे पाऊस कमी, जमीन काळी. तेथे बाभळीचा काटा व सराटा हे पंक्चरचे कारण, आणि पावसाळ्यात मडगार्डखाली घट्ट बसणारी चिकण माती चाकच अडवते.

पंक्चर काढण्याची कृती सर्वपरिचित आहे. साध्या सायकलचे (टायर २८ × १½ इंच) चाक त्यासाठी काढावे लागत नाही. टायरची एक बाजू रिमबाहेर घेतली की पुरे. बाभळीचा काटा पुष्कळदा ट्यूबच्या आरपार जातो, तेव्हा एक भोक सापडले म्हणून थांबू नये, आणि टायरमध्ये अडकलेले टोक आतून बोट फिरवून शोधावे. पंक्चर नसूनही रात्रीत हवा उतरत असेल तर दोष बहुधा वालट्यूबचा, म्हणजे झडपेवरच्या रबरी नळीचा. जुन्या पद्धतीच्या झडपेत पोकळ खिळ्याच्या बाजूला भोक असते व त्यावर रबरी नळी चढवलेली असते. पंपाची हवा ही नळी फुगवून आत जाते आणि आतला दाब तीच नळी भोकावर दाबून धरतो. उन्हाने रबर चिकट झाले किंवा चिरले की हवा निसटते. झडपेच्या तोंडावर थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहणे ही घरोघरची परीक्षा अगदी बिनचूक आहे. नवी नळी ओली करून चढवावी.

चेनला घरात सापडेल ते तेल घालतात, पण खोबरेल टाळावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सु. ७५० मी. उंचीवर आहे; थंडीतल्या पहाटे खोबरेल गोठते आणि धूळ धरून ठेवते. रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून शिलाई यंत्राचे तेल देणे उत्तम. चेनची झीज शिंप्याच्या टेपनेही कळते: तिचे दोन लागोपाठचे सांधे अर्ध्या इंचावर असल्याने चोवीस सांध्यांचे अंतर बरोबर १२ इंच भरले पाहिजे. ते १/८ इंचाने वाढले असेल तर चेनबरोबर फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरील दातेरी चक्राचे) दातेही झिजलेले असतात. नुसती नवी चेन घातल्यास ती दात्यांवरून उड्या मारते.

घरगुती दुरुस्तीत सर्वांत जास्त नुकसान उलट्या आट्यांनी होते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. कारण असे: पेडलचा दांडा आणि क्रँकचे (पेडल ज्यावर बसते त्या पट्टीचे) भोक यांत किंचित फट असतेच, पायाच्या भाराने दांडा त्या भोकात, मोठ्या कड्यात लहान कडे घरंगळावे तसा सरकतो आणि फिरण्याच्या उलट दिशेला वळू पाहतो. सरळ आटे असते तर डावे पेडल चालवता चालवता सुटले असते. सोडवताना दोन्ही बाजूंना पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ओढावा. मधल्या एक्सलचा उजवा कपही उलट्या आट्यांचा असतो. तो शक्यतो हलवूच नये. तेथील छर्रे व मागच्या चाकातील छर्रे १/४ इंची, पुढच्या चाकातील ३/१६ इंची. उघडताना मोजून वाटीत ठेवावेत.

दर फेऱ्याला ‘कट्’ असा आवाज येऊन क्रँक हलत असेल तर कॉटर पिन (क्रँक मधल्या एक्सलवर जखडणारी पाचरीसारखी पिन) झिजलेली असते. तिचे नट आवळून दोष जात नाही, कारण नट पिनेला केवळ धरून ठेवते. पिन ठोकूनच बसवावी लागते. काढताना नट शेंड्याला समपातळीत आणून, क्रँकखाली लाकडी ठोकळा देऊन हातोडी मारावी. उघड्या आट्यांवर मारल्यास टोक फुलून पिन अडकते. दोन्ही पिना एकदम बदलाव्यात व त्यांचे सपाट भाग कानशीने सारखे करावेत; अन्यथा दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत.

चाकाचा ‘आउट’ (वाकडेपणा) काढण्यास (पुढे ३२, मागे ४० आरे) सायकल उलटी करून फोर्कला खडू टेकवतात. खडू लागेल त्याच्या विरुद्ध बाजूचे आरे पाव-पाव फेऱ्याने ताणतात. सळईचे ब्रेक ओल्या लोखंडी रिमवर मुळातच कमी धरतात, रबर बदलून त्यात फारसा फरक पडत नाही. सुट्या भागांची नावे दोन्ही भाषांत इंग्रजीतूनच आल्याने मराठी गिऱ्हाइकाला कन्नड भाषक दुकानदाराकडे अडत नाही.

फ्रीव्हील घरी उघडू नये. त्याच्या झाकणाचे आटेही उलटे असून आतील कुत्री (एकाच दिशेने अडकणारे खटके), स्प्रिंगा व बारीक छर्रे एकदम बाहेर उडतात. रॉकेलमध्ये बुडवून ठेवून, वाळल्यावर तेलाचे काही थेंब सोडणे एवढेच करावे.