मुंबई हाय व उरण टर्मिनल

मुंबई हाय व उरण टर्मिनल : मुंबईच्या पश्चिमेस सु. १६० किमी. अंतरावर, सु. ७५ मी. खोल पाण्याखाली असलेले भारताचे सर्वांत मोठे खनिज तेलक्षेत्र आणि त्याचे तेल व वायू जेथे किनाऱ्याला लागतात ते द्रोणागिरी डोंगराजवळचे उरण (जि. रायगड) येथील प्रक्रिया संकुल. दोन्ही तेल व नैसर्गिक वायू महामंडळाची (ओएनजीसी) आहेत. नावातील ‘हाय’ म्हणजे खडकांच्या थरांचा पुरलेला उंचवटा होय. समुद्रतळावर तो दिसत नाही.

शोधाचे श्रेय व वर्ष यांविषयी एकवाक्यता नाही. ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएट जहाजाने साधारणपणे १९६४ ते १९६७ या काळात खंभातचे आखात व लगतच्या समुद्रात भूकंपीय सर्वेक्षण केले आणि ही संरचना नकाशावर आली. त्यामुळे काही लेखक शोध साठच्या दशकात टाकतात. परंतु संरचना सापडणे म्हणजे तेल सापडणे नव्हे. तेल व नैसर्गिक वायू आयोगाला (ओएनजीसीचे पूर्वरूप, स्थापना १९५६) गुजरातमधील अंकलेश्वर तेलक्षेत्राने १९६० मध्ये हात दिला, समुद्रातील पहिला प्रयत्न १९७० मध्ये खंभातच्या आखातातील अलियाबेटला झाला आणि ‘सागर सम्राट’ या जपानी बांधणीच्या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायवर तेल दाखवले. शोधाचे वर्ष म्हणून १९७४ धरणेच अधिक योग्य. उत्पादन २१ मे १९७६ रोजी सुरू झाले. नळ टाकले जाईपर्यंत तेल समुद्रातच टँकरमध्ये भरत.

तेल कोठून आले, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ते मुख्यतः मायोसीन काळातील ‘एल-३’ या चुनखडीत साठलेले आहे, पण चुनखडी हा त्याचा उगम नव्हे. पुरानूतन-आदिनूतन (पॅलिओसीन-इओसीन) काळातील पन्ना शैलसमूहाचे शेल (चिखलापासून बनलेले थरदार खडक) सुरतकडील खोलगट भागात भूगर्भातील उष्णतेने शिजले व तेल चढाने उंचवट्याकडे सरकले, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. आसपासच्या इतर खोलगट भागांचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. तळखडकाच्या भेगांतही तेल मिळते. तेही गाळाच्या थरांतूनच आले असावे, असे मानणे सोपे पडते.

एल-३ एकसंध नाही. शेलच्या पातळ पट्ट्यांनी तो अनेक थरांत विभागला आहे आणि थरागणिक पारगम्यता (द्रव वाहू देण्याची क्षमता) बदलते. साठ्याचा दाब टिकवण्यासाठी ऐंशीच्या दशकापासून समुद्राचे पाणी गाळून, त्यातील प्राणवायू काढून व जंतुनाशक घालून आत सोडले जाते. ते सोप्या थरातून धावत सुटते, विहिरीत पाणी लवकर येते आणि घट्ट थरातील तेल मागे राहते. पुष्कळ विहिरींत तेल वर आणण्यासाठी वायू सोडावा लागतो (गॅस लिफ्ट).

तेल ३० इंची आणि वायू २६ इंची, अशा सु. २०० किमी. लांबीच्या समुद्रतळावरील वाहिन्यांतून उरणला येतो. हे तेल हलके, कमी गंधकाचे, पण मेणयुक्त आहे, सु. ३० अंश से.ला ते गोठू लागते. मेण वाहिनीच्या आतील भिंतीवर बसते, म्हणून ठरावीक काळाने वाहिनीतून आतली भिंत खरवडणारे ‘पिग’ हे साधन सोडतात. हे लांबले तर पुढच्या पिगसमोर मेणाचा ढीग होऊन तो अडकण्याची भीती असते. तळाशी साचलेल्या पाण्यात गंधकजीवी जंतू वाढतात व पोलाद आतून खातात.

उरणला तेलाचा दाब टप्प्याटप्प्याने कमी करून विरघळलेला वायू सोडवतात. इमल्शन (तेल-पाण्याचे घट्ट मिश्रण) फोडणारे रसायन, उष्णता व विद्युत क्षेत्र यांनी पाणी व मीठ वेगळे करतात. बाष्पदाब उतरल्याशिवाय तेल तरंगत्या छताच्या टाकीत घेत नाहीत, नाहीतर छताच्या कडेच्या सीलमधून वाफ सुटते. मग ते तुर्भे बंदरामागच्या (ट्रॉम्बे) शुद्धीकरण कारखान्यांकडे जाते. वायूतील घातक घटक काढून तो थंड केला की स्वयंपाकाचा गॅस मिळतो (साठा गोलाकार हॉर्टन टाक्यांत). इथेन-प्रोपेन नागोठण्यास, उरलेला वायू ६७२ मेगावॉटच्या उरण वीजकेंद्राकडे व खत कारखान्यांकडे जातो.

प्लॅटफॉर्मभोवती ५०० मी.पर्यंत मासेमारीस बंदी असते. उरणजवळच्या करंजा बंदरातील नाखव्यांना ही मर्यादा ठाऊकच असते. २७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे सेवा जहाज उत्तर प्लॅटफॉर्मच्या उभ्या नळांवर (राइझर) आदळले, वायू पेटला व २२ जण मृत्युमुखी पडले. राइझर जहाज लागण्याच्या बाजूस उघडे असणे घातकच.

पुढील वाटचाल दुपदरी आहे. जुन्या क्षेत्रात उरलेले तेल काढण्यासाठी २०२५ मध्ये बीपी कंपनीची तांत्रिक सेवापुरवठादार म्हणून नेमणूक झाली. जुन्या प्लॅटफॉर्मचे आयुष्य व विहिरींचे तंत्र यांवर ओएनजीसीच्या पनवेल येथील दोन संस्था काम करतात. नव्या शोधाला केंद्र सरकारच्या २०१६ च्या तेल-वायू शोध परवाना धोरणाने मोकळीक दिली. अवघड जागा मात्र पायाखालची आहे. ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगरात दिसतो तोच बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) समुद्राखालीही पसरला असून त्याखालच्या, त्याहून जुन्या मध्यजीव (मेसोझोइक) थरांत साठे असू शकतात. पण बेसॉल्टचे एकावर एक आलेले लाव्हा थर भूकंपीय लहरी विखुरतात, त्यामुळे चित्र अस्पष्ट येते. म्हणून कमी वारंवारतेच्या लहरी, लांब अंतराची ग्राहक रचना, गुरुत्व व भूविद्युत-चुंबकीय मापन यांची जोड द्यावी लागते. तरीही विहीर खणल्याशिवाय निकाल लागत नाही, आणि बेसॉल्टमध्ये खणताना बिट (खणणाऱ्या यंत्राचे कापणारे टोक) लवकर झिजते.