पुण्यातील वाहतूक प्रकल्प : प्राधान्यक्रम आणि निधी

पुणे शहरातील रस्ते, पूल, पदपथ, बससेवा आणि मेट्रो यांपैकी कोणते काम आधी हाती घ्यायचे आणि त्यासाठी पैसा कोठून आणायचा, हे ठरविण्याची व्यवस्था अनेक संस्थांमध्ये विभागलेली आहे. १५ फेब्रुवारी १९५० रोजी स्थापन झालेली पुणे महानगरपालिका तिच्या केंद्रस्थानी आहे. परंतु बससेवा पुणे महानगर परिवहन महामंडळ (पीएमपीएमएल) चालविते, मेट्रोचे पहिले दोन मार्ग महामेट्रो या केंद्र व राज्य सरकारच्या संयुक्त कंपनीने उभारले, हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रो मार्ग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) अखत्यारीत येतो आणि शहराच्या पश्चिम कडेने जाणारा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. त्यामुळे शहराचा प्राधान्यक्रम सांगणारी एकच यादी असत नाही. आराखड्यातील क्रम, अंदाजपत्रकातील क्रम आणि प्रत्यक्ष कामाचा क्रम हे तीन वेगळे असतात, आणि त्यांतील अंतर समजून घेतल्याशिवाय पुण्यातील वाहतुकीची स्थिती उलगडत नाही.

रस्त्याची आखणी प्रथम विकास आराखड्यात होते. जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ मध्ये, तर सुधारित आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. आराखड्यातील रेषेमुळे जागेवर आरक्षण पडते, मात्र पैसा उपलब्ध होत नाही. शहराभोवती फिरणारा उच्च क्षमता द्रुतगती मार्ग (एचसीएमटीआर) हे याचे ठळक उदाहरण होय. सुमारे ३६ किलोमीटरचा हा वर्तुळाकार मार्ग १९८७ च्या आराखड्यात दाखविला गेला. त्यानंतर तीन दशकांनी निविदा निघाल्या, त्या अपेक्षित खर्चापेक्षा बऱ्याच चढ्या दराने आल्या आणि काम उभे राहिले नाही. दरम्यान आरक्षणाखालील जागांच्या मालकांना मात्र त्या रेषेसह राहावे लागले.

विकास आराखडा जागेचा विचार करतो, तर सर्वंकष वाहतूक आराखडा प्रवासाचा. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण (२००६) वाहनांऐवजी माणसांची ने-आण केंद्रस्थानी मानते. त्याच्या चौकटीत २००८ मध्ये पुण्याचा असा आराखडा तयार झाला आणि २०३१ पर्यंत बहुतांश प्रवास पायी, सायकलने किंवा सार्वजनिक वाहनाने व्हावा, असे उद्दिष्ट त्यात ठेवले गेले. या उद्दिष्टाला अंदाजपत्रकात बंधनकारक स्थान मात्र नाही. एखादा उड्डाणपूल या आराखड्याशी सुसंगत आहे की नाही, यावर त्याची तरतूद अडत नाही, आणि प्रस्तुत व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष हाच आहे.

तरतुदीचा निर्णय वार्षिक अंदाजपत्रकात होतो. पथ विभाग, प्रकल्प विभाग आणि क्षेत्रीय कार्यालये आपापल्या मागण्या पाठवितात. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून सोळा सदस्यांच्या स्थायी समितीला सादर करतात. समिती त्यात भर घालून ते सर्व नगरसेवकांच्या मुख्य सभेपुढे ठेवते. समितीच्या टप्प्यावर अंदाजपत्रकाचा आकडा फुगतो, हा जुना अनुभव आहे, कारण कामे वाढविण्यासाठी उत्पन्नाचा अंदाजही वाढवून दाखवावा लागतो. नगरसेवकांनी आपल्या प्रभागासाठी सुचविलेली छोटी कामे ‘स’ यादीत येतात. वर्षाअखेरीस अपेक्षित उत्पन्न जमा झाले नाही, की भूसंपादनात अडकलेल्या किंवा निविदा न निघालेल्या कामांचा निधी दुसरीकडे वळविला जातो. याला महापालिकेत ‘वर्गीकरण’ म्हणतात. मोठ्या, संथ आणि शहरव्यापी प्रकल्पाची तरतूद अशा रीतीने प्रभागातील तातडीच्या कामांकडे जाऊ शकते, आणि मग अंदाजपत्रकात वर्षानुवर्षे दिसणारे काम जमिनीवर दिसत नाही. एकाहून अधिक वर्षे चालणाऱ्या कामाचे पुढील वर्षांतील दायित्व ‘७२ ब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मान्यतेने स्वीकारले जाते. अशी मान्यता मिळालेली कामे पुढील अंदाजपत्रकांवर आधीच हक्क सांगत असल्याने नव्या कामांना उरणारी जागा कमी होते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर निवडणुका लांबल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. त्या काळात अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता, व प्राधान्यक्रमावर जाहीर चर्चेचे सभागृहच उरले नव्हते.

व्यवहारात प्राधान्यक्रम बहुधा जागाच ठरविते. खाजगी जागेच्या मोबदल्यात महापालिका हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटई क्षेत्र निर्देशांक (उरलेल्या जागेवर जादा बांधकामाची मुभा) देऊ करते, म्हणजे रोख रक्कम न देता रस्त्यासाठी जागा मिळविण्याचा प्रयत्न करते. मालकाने रोख मोबदलाच मागितला तर खर्च अनेक पटींनी वाढतो. कात्रज–कोंढवा रस्ता मूळ ८४ मीटर रुंदीचा ठरला होता. जागा ताब्यात येईना, म्हणून तो ५० मीटरपर्यंत करण्याचा निर्णय घ्यावा लागला आणि भूसंपादनासाठी राज्य सरकारकडे निधी मागावा लागला. चांदणी चौकातील पुलांच्या प्रकल्पातही बांधकामाचा प्रश्न भूसंपादनाच्या तुलनेत सोपा होता. ऑगस्ट २०१७ मध्ये भूमिपूजन झालेल्या या प्रकल्पातील जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडण्यात आला आणि उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ रोजी झाले.

महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा पाया या काळात बदलत गेला. जकात हा तिचा रोजच्या रोज हाती येणारा पैसा होता. १ एप्रिल २०१३ पासून जकातीऐवजी स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला, ऑगस्ट २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करामुळे तोही संपला. त्याबदली राज्य सरकार दरवर्षी ८ टक्के वाढीसह भरपाई देते. याशिवाय मिळकतकर आणि बांधकाम परवानगीतून मिळणारे विकास शुल्क हे मुख्य स्रोत आहेत. बांधकाम शुल्काचा वाटा मोठा असल्यामुळे घरबांधणीत मंदी आली की रस्त्यांचा निधीही आटतो.

मोठ्या प्रकल्पांना बाहेरील पैसा लागतो आणि तो स्वतःच्या अटी घेऊन येतो. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात पुण्यासाठी खर्चाची विभागणी केंद्र ५०, राज्य २० आणि महापालिका ३० टक्के अशी होती. कात्रज–स्वारगेट–हडपसर हा प्रायोगिक बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका असलेली जलद बससेवा) मार्ग डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाला आणि पुढील बीआरटी रस्त्यांना या अभियानाचा आधार मिळाला. रस्ते रुंद झाले, परंतु बसची राखीव मार्गिका सर्वत्र टिकली नाही. नगर रस्त्यावरील मार्ग तर नंतर काढून टाकण्यात आला. अनुदान बांधकामासाठी होते आणि मार्गिका राखण्याचा रोजचा भार मात्र स्थानिक यंत्रणेवर राहिला. मेट्रोची आर्थिक रचना याहून व्यापक आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सुमारे ११,४२० कोटी रुपयांच्या, ३१ किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. केंद्र व राज्याच्या वाट्याबरोबर युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक आणि फ्रेंच विकास संस्थेचे कर्ज घेण्यात आले, तर मालमत्तेच्या खरेदीवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार आकारला जातो. हिंजवडी–शिवाजीनगर मार्ग खाजगी भागीदारीतून होत असून या मार्गासाठी व नव्या दुमजली पुलासाठी विद्यापीठ चौकातील दोन उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावे लागले. आधीच्या पुलांवर झालेला सार्वजनिक खर्च त्यांच्याबरोबर गेला. रस्ता आणि मेट्रो यांचे नियोजन एकत्र झाले असते तर हे टळले असते.

बससेवेचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे, कारण तेथे उभारणीपेक्षा चालविण्याचा खर्च मोठा आहे. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी यांचे विलीनीकरण करून २००७ मध्ये पीएमपीएमएल स्थापन झाली. तिची संचलन तूट पुणे महापालिका ६० आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के या प्रमाणात भरून देते. ही रक्कम ‘तूट’ म्हणून नोंदली जात असल्याने तिच्याकडे नुकसान म्हणून पाहिले जाते. उड्डाणपुलावरील खर्च मात्र ‘विकासकाम’ ठरतो, जरी त्यातून एक रुपयाही परत येत नसला तरी. कामगार, विद्यार्थी आणि घरकामाला जाणाऱ्या स्त्रिया ज्या बसची वाट पाहतात, तिला हिशेबाच्या या शीर्षकामुळे दुय्यम स्थान मिळते, आणि ते अन्यायकारक आहे.

पादचाऱ्यांसाठी महापालिकेने २०१६ मध्ये स्वतंत्र धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना त्यानंतरच्या कामांत सर्वाधिक परिचित आहे. नागरिकांना थेट काम सुचविण्याची सोय मात्र त्याहून जुनी आहे. २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून पुण्यात नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाचा उपक्रम सुरू झाला. पदपथाची दुरुस्ती, बसथांब्यावरील निवारा, पथदिवे अशी प्रभागातील कामे नागरिक अर्जाद्वारे सुचवितात, क्षेत्रीय कार्यालय ती तपासते आणि मान्य कामे पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात समाविष्ट होतात. एका कामासाठी साधारणतः पाच लाख रुपयांची मर्यादा ठेवली गेली. त्यामुळे सलग पदपथ किंवा संपूर्ण बसमार्गाची मागणी या अर्जात बसत नाही. तिच्यासाठी नागरिकांना पुन्हा पथ विभाग, लोकप्रतिनिधी आणि पीएमपीएमएल यांच्याकडे स्वतंत्रपणे जावे लागते.